वही मिटली की पेटी थांबते

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तीन वर्षं क्लासला जाते, पेटीच्या दोन परीक्षा पण झाल्यात. नोटेशन समोर असलं की मस्त वाजवते. पण यंदा गणपतीत आरतीला हौसेनं पेटी घेऊन बसली, काकांनी आरती उचलली आणि हिची बोटंच चालेनात, दोन ओळी कशाबशा शोधल्या मग आत जाऊन रडत बसली. सासरे म्हणतात पुस्तकी शिक्षण काय कामाचं, कानानंच शिकायला हवं होतं. क्लास बंद करू का? (एक आई, चिपळूण तालुका)

उत्तर: ताई, क्लास अजिबात बंद करू नका, आणि सगळ्यात आधी लेकीला जवळ घेऊन सांगा की तिचं काहीच चुकलेलं नाही. झालं असणार ते असं, तिचा सगळा रियाज पांढरी एकचा (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी), म्हणजे सा पांढरी एकवर धरला की शुद्ध स्वर सगळे सरळ पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि बोटांना तीच वाट पाठ झालेली असते. आपल्याकडे आरतीच्या आधी सूर कोणी मागत नाही, झांजा सुरू झाल्या की काकांच्या गळ्याला ज्या पट्टीवरचा सा सोयीचा तोच सगळ्यांचा. समजा त्यांनी काळी एक धरली. आता तो सा धरून सारेगम वाजवून बघा, पाचही काळ्या लागतात, गंधाराला (ग) पांढरी चार आणि नी या स्वराला वरच्या सप्तकातली पांढरी एक. वाटच बदलली ना सगळी, मग पोरगी अडकणार नाही तर काय!

पण तिच्या वहीत जे लिहिलंय ते तरीही बरोबरच आहे. आपल्या नोटेशनमधला सा म्हणजे कुठली ठरलेली पट्टी नाही, गाणारा धरेल तो सा. इंग्रजी स्टाफ नोटेशनमध्ये कागदावरच्या खुणेला पट्टी ठरलेली असते, आपलं तसं नाही, आणि हे पुष्कळ मुलांना कोणी नीट सांगतच नाही.

रोज दहा मिनिटं वही बंद. तुम्ही भाकऱ्या थापताना आरतीची पहिली ओळ म्हणायची, मनाला येईल त्या पट्टीत, आणि तिनं फक्त तुमचा सा शोधायचा. पहिला आठवडा एवढंच. सा मिळाला की तीच ओळ स्वरांच्या नावानं तोंडानं म्हणायची, पेटीला हात न लावता, तोंडात बसली की मग बोटं. नंतर पांढरी चार घ्या, तिथे मध्यमाला (म) काळी पाच लागते बाकी सगळ्या पांढऱ्याच, त्यामुळे सोपं जातं आणि धीर येतो, मग काळी एक.

सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. भूप आणि देशकार हे दोन राग बघा, कागदावर दोन्हीत सा रे ग प ध हेच पाच स्वर, पण भूप गंधारावर रमतो आणि देशकार धैवतावर (ध). पुस्तकात वादी-संवादी, म्हणजे रागातले मुख्य दोन स्वर, लिहिलेले असतात, पण त्या धैवतावर किती थांबायचं ते ऐकल्याशिवाय नाहीच कळत. मात्र त्यांना हेही सांगा की आपलं नोटेशन बसवणाऱ्या पंडित भातखंड्यांनी (१८६०–१९३६) चिजा, म्हणजे रागातल्या बंदिशी, आधी घराण्यांच्या उस्तादांकडून ऐकल्या आणि मग लिहिल्या, सहा भाग छापले, म्हणजे पुस्तकातलं ते सगळं आधी कोणीतरी कानानं ऐकलेलंच आहे.

प्रश्न: १५ वर्षं भजनात पेटी वाजवतोय, डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) पण साथ केली, सगळं ऐकून शिकलो. आता नोटेशन शिकावं म्हणून एका क्लासला गेलो तर म्हणाले आधीचं सगळं विसरा. आमचे बुवा म्हणतात, पुस्तकातली पेटी भजनात चलाची नाय. (कुडाळ तालुका)

उत्तर: दादा, विसरायचं मुळीच नाही. दशावतारात पात्र बोलता बोलता पद उचलतं आणि पेटीवाला तिथल्या तिथे सूर पकडतो, ती विद्या कुठल्या वहीत मिळत नाही. तीच तुमच्या हातात आहे.

तरी लिहायला शिकाच. माझे आजोबा एक गौळण म्हणायचे, चाल त्यांच्या बुवांची. शंभरदा ऐकली असेल, लिहून मात्र घेतली नाही. आजोबा गेले, आता अंतऱ्याची दुसरी ओळ घरात कोणालाच धड येत नाही, प्रत्येकजण वेगळं म्हणतो आणि कोणाचं बरोबर ते सांगायला कोणी उरलं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तुम्ही उलट्या बाजूनं सुरुवात करा. हातात बसलेला केरव्यातला एक अभंग घ्या, केरवा आठ मात्रांचा ताल म्हणून वहीत आठ घरं आखा, पहिल्या घराखाली समेची फुली, पाचव्याखाली खालीचं शून्य. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारसप्तकाला (वरच्या) वर, स्वर लांबला तर त्याच्या पुढे छोटी रेघ (–), शब्दातलं अक्षर लांबलं तर अवग्रह (ऽ). सुरुवातीला एवढ्या खुणा पुरतात. स्वर घरात बसवताना मात्रा कमी-जास्त होणारच, म्हणून पेन्सिलनंच लिहा. आणि पहिला अभंग बुवांचाच निवडा, लिहून झाला की वहीत बघून त्यांच्यासमोर वाजवा, ते जिथे थांबवतील तिथे खोडा आणि परत लिहा.