कौलारू घरावर आलेली आंब्याची आडवी फांदी कौलं न फोडता कशी उतरवायची?

बेळगावजवळच्या खानापूर भागातलं मंगलोरी कौलांचं घर, आणि छपरावर आलेली बुडाशी फूटभर जाड, वीसेक फूट लांब फांदी. तोडणारे ‘दोर लावून सोडतो’ म्हणतात, त्यांच्यावर भरवसा ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. ठेवा, पण आधी विचारा की दोर कापापेक्षा किती वर आणि किती बाजूला अडकवणार. दोर तुटून कौलं फुटलेली क्वचित बघायला मिळतात. बहुतेक वेळा दोर सैल असतो, किंवा फांदी झोका घेते.

झोक्याचा हिशोब सोपा आहे. आधाराचं बेचकं कापापेक्षा 3 मीटर उंच आणि फास 4 मीटर बाहेर असेल, तर मधला दोर 5 मीटर. तुकडा सुटून बेचक्याखाली आला की तो 3 ऐवजी 5 मीटर खाली लोंबणार, म्हणजे जागेवरून 2 मीटर खाली. तेवढी मोकळी जागा छपरावर नसेल तर दोर कितीही भारी असो, कौलं जाणारच. म्हणून आधार जितका उंच मिळेल तितका घ्यायचा, आणि शेंड्याला दुसरी दोरी बांधून ती घराच्या पलीकडून एकानं धरायची. तो ढील देईल तसाच तुकडा बुंध्याकडे सरकला पाहिजे.

आधाराची फांदी नीट बघून घ्या. आपल्याकडच्या आंब्यांवर बांडगूळ फार. जिथे ते रुजून गाठ सुजलीय तिथे, किंवा खोडकिड्याची भोकं आणि भुसा दिसतोय तिथे भार टाकायचा नाही. कप्पी लावली तर आधारावर तुकड्याच्या जवळजवळ दुप्पट ओढ येते, कारण खालून धरणाराही तेवढाच खेचत असतो.

ओलं लाकूड घनमीटरला टनाच्या आसपास धरा. फूटभर जाडीचा मीटरभर ओंडका सत्तर किलोच्या घरात जातो, जाडी निम्मी झाली की वजन पाव होतं. त्यामुळे शेंड्याकडून सुरुवात. मनगटाएवढ्या डहाळ्या हातकरवतीनं, एका हातात धरून. पुढचे तुकडे दोरावर.

दोर बांधताना फास मध्यापेक्षा शेंड्याकडे घ्या, पण फासाच्या पुढे शेंड्याच्या अंगाला एखादी जाड डहाळी शिल्लक ठेवा, नाहीतर बूड खाली जाताच फास सटकतो. मग खालून दोर ताणून फांदी किंचित उचलली जाईपर्यंत घट्ट करायचा. काप आधी खालून पाव जाडीएवढा, मग बरोबर त्याच्या वरून. खालचा काप न घेता करवतीची मशीन (चेनसॉ) वरून चालवली की साल बुंध्यापर्यंत सोलून येते. मशीननं बोटभर लाकूड ठेवायचं, उरलेलं हातकरवतीनं. त्या वेळी मशीनचा आवाज नसतो, वरचा आणि खालचा एकमेकांचं ऐकू शकतात. बुंध्याशी शेवटचा काप फांदीच्या बुडाच्या फुगीर कड्याबाहेर घ्या, म्हणजे जखम भरते.

खाली दोर बुंध्याला वेढून धरायचा. एका वेढ्यात ओढ चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते, सत्तर किलोला दोन वेढे पुरे. जास्त वेढे घेतले तर दोर सरकत नाही, तुकडा हिसक्यानं थांबतो आणि तो हिसका वजनाच्या कित्येक पट असतो. धरणाऱ्यानं चामड्याचे हातमोजे घालावेत, दोर मनगटाला किंवा कमरेला कधीच गुंडाळू नये. पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर इथे चालत नाही; पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळतं आणि घर्षणानं त्याची बाहेरची बाजू चकाकून कडक होते. पॉलिएस्टरचा 12-16 मिलिमीटरचा गोफ घ्या, आणि तुटण्याची क्षमता 4,000 किलो लिहिलेली असेल तर 400 च्या वर टांगू नका.

चढणाऱ्याचा दोर वेगळा, भाराच्या दोरात गुंतलेला नको. कापताना त्याला दोन ठिकाणी बांधलेलं असावं, त्यातला कमरेचा पट्टा आत तार असलेला. बुटाचे काटे लावून आला तर परत पाठवा. ते फक्त पाडायच्या झाडावर, राहणाऱ्या झाडाला दर पावलाला जखम होते.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय मात्र वेगळाच: फांदीखालचा पट्टा उघडा करून घ्या. कौलं एकात एक अडकवलेली असतात, दोन माणसं सकाळी उतरवून ओसरीत रचतात. रिपा आणि वासे सांभाळायला वर पोत्यांत पेंढा भरून टाकावा.

काम वळवाआधी करा. पावसात सालीवर शेवाळ धरतं, वेढ्यांचा अंदाज चुकतो. घराकडे येणारी वायर जवळ असेल तर हेस्कॉमच्या (तिथल्या वीज कंपनीच्या) लाईनमनकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय कुणाला चढवू नका, ओला दोर वीज नेतो. आणि वनखात्याच्या कचेरीत आधी अर्ज द्या: 1976 च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यात फांद्या छाटणंही तोडण्यातच मोजलं जातं.