ओसरीची खुर्ची, फ्लॅटची गॅलरी
वाचकांचे प्रश्न : जुनं फर्निचर

प्रश्न : नेरूळला सहाव्या मजल्यावर पश्चिमेकडची गॅलरी आहे, चार फूट रुंद आणि दहा फूट लांब. तिथे पाय पसरायची जुनी आरामखुर्ची घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, 'अस्सल सागवान, शंभर वर्षांची.' खरं-खोटं कसं ओळखायचं?

खुर्चीच्या आधी गॅलरी तपासा. ज्या खुर्च्या आज 'आउटडोअर' म्हणून विकल्या जातात, त्या आपल्याकडे ओसरीत आणि बंगल्याच्या व्हरांड्यात असायच्या. डोक्यावर खोल छप्पर, समोर वारा, पाऊस मात्र लांब. उघड्या अंगणात त्या कोणी ठेवत नसे. तुमची गॅलरी पश्चिमेची, म्हणजे जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारी झड थेट आत. म्हणून जोराच्या पावसाच्या दिवशी रद्दीचे कागद कठड्यापासून दारापर्यंत ओळीने अंथरा, कडेला वजन ठेवा आणि दोन तासांनी बघा. कागद जिथपर्यंत भिजले, त्याच्या अलीकडेच खुर्ची ठेवायची. दारापर्यंत सगळेच भिजले, तर पावसाळ्याचे चार महिने ही खुर्ची हॉलमध्ये राहील हे धरूनच घ्या. हॉलमध्ये तेवढी जागा नसेल तर घेऊ नका.

मग माप. हातांखालच्या फिरत्या फळ्या पाय ठेवायला पुढे ओढल्या की ही खुर्ची साधारण पाच फूट जागा घेते. चार फुटांत ती आडवी बसणार नाही, लांबीच्या दिशेनेच ठेवावी लागेल. ती घडी होत नाही, तेव्हा लिफ्टच्या दाराचं आणि आतल्या खोलीचं माप लिहून सोबत न्या.

आता लाकूड. वरून पॉलिश बघून काहीच कळत नाही. खुर्ची उलटी करायला सांगा. दुकानदार कुरकुरला, तर दुसरं दुकान बघा. बैठकीच्या खालच्या पट्टीवर, जिथे पॉलिश पोचलेलं नसतं, 120 नंबरच्या पॉलिश कागदाने दोन इंच घासा. सागवान सोनेरी-तपकिरी निघतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो. शिसव जांभळट-काळसर आणि चांगलंच जड असतं. रंगाखाली पांढुरकं, बिनवासाचं लाकूड निघालं, तर बहुधा रबरवुड किंवा आंब्याचं लाकूड रंगवून दिलेलं आहे. ते घरात चालेल, गॅलरीत दोन पावसाळ्यांत फुगेल.

वयासाठी स्क्रू बघा. 'स्टार' म्हणजे फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930च्या दशकात बाजारात आला. शंभर वर्षांच्या म्हणवणाऱ्या खुर्चीत एखादा स्टार स्क्रू दिसला, तर तो दुरुस्तीचा असू शकतो. सगळेच स्टार असतील, तर खुर्ची तेवढी जुनी नाही. जुन्या वस्तूत एका रेघेच्या खाचेचे स्क्रू असतात आणि त्यांच्याभोवती लाकूड लोखंडाने काळं पडलेलं असतं. अर्थात नवी पण अस्सल सागवानाची, नीट सांध्यांची खुर्ची वाईट नाही. फक्त पैसे नव्याचे द्या.

यानंतर बसून खुर्चीच्या हातांना बाजूला रेटा. 'कट' असा आवाज आला की सांधा सुटलेला आहे. जुने सांधे सरसाने चिकटवलेले असतात. सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे दमट हवेत सांधा हळूहळू ढिला होतो. हा दोष दुरुस्त होतो. सांधा कोमट पाण्याने सैल करून उघडायचा, जुना सरस पूर्ण खरवडायचा, लाकूड वाळवायचं, मग वॉटरप्रूफ गोंद लावून चोवीस तास शिकंज्यात ठेवायचं. सुतार खिळा मारू लागला तर थांबवा. खिळ्याने खाचेत बसलेला भाग फाटतो आणि पुढच्या दुरुस्तीला धरायला काही उरत नाही.

शेवटी किडीची भोकं. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर कीड जिवंत आहे का, हा खरा प्रश्न. खुर्चीखाली काळा कागद चार दिवस पसरून ठेवा. त्यावर टाल्कम पावडरीसारखा भुगा पडला तर कीड चालू आहे. ती बहुतेक लाकडाच्या पांढऱ्या, कडेच्या भागात असते. सागवानाचा गाभा ती सहसा धरत नाही. भोकं दोन-चार असतील तर सिरिंजने लाकडावरचं कीडनाशक भरून खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवता येते. पाय किंवा सांध्याजवळची पट्टी चाळणीसारखी झाली असेल, तर ती पट्टी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

पॉलिशबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. लाखेचं स्पिरिट पॉलिश सुंदर दिसतं, पण ओलाव्याने पांढरं पडतं. गॅलरीसाठी बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश किंवा टीक ऑइल घ्या. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा, दमट हवेत पीयूसुद्धा धुरकट होतं. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवा.

प्रश्न : घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर राहतो. खुर्चीची वेताची बैठक खोलगट झाली आहे. प्लास्टिकची विणून घेऊ का?

घाई नको. आधी कडेला बघा. चौकटीत ओळीने भोकं असतील तर विणकाम हाताचं आहे. सलग खाच आणि तिच्यात ठोकलेली गोल काडी दिसली तर तयार जाळीचा तुकडा बसवलेला आहे. दोन्ही प्रकारांत वेत फक्त सैलावला असेल, एकही धागा तुटला नसेल, तर पाण्याने ताणून येतो.

खुर्ची उलटी करा. वेताची वरची बाजू चकचकीत असते, ती पाणी शोषत नाही. खालची शोषते. म्हणून कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल खालच्या बाजूला वीस-तीस मिनिटं ठेवा, मग खुर्ची सावलीत पूर्ण वाळू द्या. वाळताना वेत आक्रसतो आणि बैठक ढोलकीसारखी ताणली जाते. ओल्या वेतावर बसलं की तो कायमचा लांबतो, तेव्हा निदान दोन दिवस कोणाला बसू देऊ नका.

तीन-चार शेजारचे धागे तुटले असतील तर नव्याने विणणं बरं. जाळी बसवणारा कारागीर तुकडा तास-दीड तास भिजवतो का, हे नक्की विचारा. कोरडी जाळी ठोकली की ती कडेलाच तुटते.

वरच्या मजल्यावर मार्च ते मे वारा आणि दुपारचं ऊन वेताला कोरडं, ठिसूळ करतं. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा खालून पाण्याचा हलका फवारा मारा. पावसाळ्यात उलटं, बुरशी धरते. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि पंख्याखाली वाळवा. ऑइल पेंट लावू नका, तो वेताबरोबर वाकत नाही आणि तडकतो. प्लास्टिकच्या वेताला पाण्याचं भय नाही, पण उन्हात तोही ठिसूळ होतो आणि घामाच्या पाठीला चिकटतो. झड थेट येत असेल तरच तो घ्या.

बैठक नीट असताना तिच्यावर जाड गादी टाकू नका. या खुर्च्यांचे हात बिनगादीच्या बैठकीच्या मापाचे असतात. तीन इंच वर बसलं की कोपर टेकत नाहीत.

प्रश्न : ऐरोलीत खाडीकडे गच्ची आहे. लोखंडी नक्षीच्या दोन जुन्या खुर्च्या मिळाल्या, गंजलेल्या आहेत. वाचतील का?

गंज वरचा आहे की आत गेलेला, ते ठरवा. हातोडीच्या दांड्याने पाय ठोका. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तर पाइप आतून खाल्लेला आहे, तो भाग कापून नवा जोडावा लागेल. पायांखालचे रबरी बूट काढून बघा, पाणी तिथेच साचतं आणि पाइप तिथूनच सडतो. सर्वांत खालच्या बिंदूला सहा मिलिमीटरचं भोक पाडून पाण्याला वाट द्या. खुर्ची ओतीव असेल तर वेल्डिंगवाल्याला आधी सांगा. ओतीव लोखंड साध्या वेल्डिंगने तडकतं.

घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017मध्ये लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासू नका. पाण्याने भिजवून घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. मग गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ राहिलं तर नव्या रंगाखालून गंज पुन्हा वर येतो. त्याच दिवशी पूर्ण वाळवून प्रायमर मारा. खाडीकाठी साध्या रेड ऑक्साइडपेक्षा झिंकचा इपॉक्सी प्रायमर टिकतो. त्याचे दोन हात, मग त्यावर चालणाऱ्या रंगाचे दोन, दर हातामध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. दर मे महिन्यात रंगाचा पापुद्रा कुठे उचललाय का, ते बघा.

प्रश्न : वाशीला एका दुकानात 'चंदीगड चेअर' स्वस्तात मिळतेय. बाहेर ठेवू शकतो?

पिएर जानरे हा चंदीगड शहराचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याचा चुलतभाऊ. त्याने 1950च्या दशकात चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या या खुर्च्या आखल्या. अस्सल खुर्च्या परदेशी लिलावात मोठ्या किमतीला जातात, तेव्हा स्वस्तातली ही नक्कलच समजा. मागे रंगवलेले कचेरीचे क्रमांकही नकलेवर उठवतात. आवडली तर नक्कल म्हणून, नकलेच्या भावात घ्या. खुर्ची मुळात कचेरीतली आहे, झडीत ठेवू नका.

प्रश्न : नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. जुना झोपाळा पितळी कड्यांसकट जपलाय. नव्या फ्लॅटच्या गॅलरीत टांगता येईल?

स्लॅबमध्ये भोक पाडून बोल्टवर टांगू नका. झोका मागे-पुढे जाताना बोल्ट रोज थोडा हलतो आणि एक दिवस काँक्रीटसकट सुटतो. घर ताब्यात यायच्या आधी बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तुळईतच हूक बसवून घ्या. ती संधी गेली असेल, तर लोखंडी चौकटीचा स्टँड करून घ्या.

कड्या जिथे एकमेकींत अडकतात तिथे पितळ झिजतं. व्हर्नियर कॅलिपरने जाडी मापा. मूळ जाडीपेक्षा दोन मिलिमीटर कमी भरली, तर ती कडी बदला. झोपाळ्याची दिशा कठड्याला समांतरच हवी आणि पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे हवेत. कठड्याकडे झोका जाईल अशा रीतीने झोपाळा कधीही टांगू नका, मग घरात लहान मूल असो वा नसो. एवढी जागा नसेल तर पाट काढून खाली चार पाय लावा. सागवानाचा तो पाट गॅलरीतला उत्तम बाक होतो आणि कड्या पुढच्या घरासाठी तेल लावून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवता येतात.