वाचकांचे प्रश्न : नाथसागराचा हलता काठ

प्रश्न : आमची शाळा पैठण तालुक्यात, नाथसागरालगत आहे. काठावरच्या बाभळी आणि पक्षी यांच्या वर्षभर नोंदी मुलांकडून करून घ्यायच्या आहेत. पण पाणी आज इथे, तर महिन्याने कुठल्या कुठे! नोंदींचा मेळ कसा घालावा?

उत्तर : प्रत्येक नोंदीत तारखेशेजारी त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी फुटांत लिहा. एवढे लिहायचे राहून गेले तर बाकीची मेहनत वाया जाते. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. तो पूर्ण भरतो तेव्हा पातळी १५२२ फूट असते. रोजचा आकडा जलसंपदा विभागाकडे मिळतो, वर्तमानपत्रांतही येतो. जलाशय बशीसारखा उथळ आहे. जमिनीचा उतार दोनशेला एक असेल, तर पातळी फूटभर उतरताच पाणी दोनशे फूट मागे सरते. त्यामुळे गेल्या डिसेंबरातले शेकाटे (उथळ पाण्यात चरणारे लांब पायांचे पक्षी) यंदा त्याच जागी दिसले नाहीत, तर ते घटलेच असे समजू नका. त्यांना लागणारे वीतभर पाणी दुसरीकडे गेलेले असते.

मोजणीसाठी खुंट्या ठोकू नका. पाणी उतरले की गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, सुरू होते आणि नांगराबरोबर खुंटी उपटून येते. विजेचा खांब किंवा रस्त्यावरची मोरी धरा आणि तिथून होकायंत्राने ठरवलेल्या एकाच दिशेत पाण्यापर्यंत टेप लावा. फोटोही त्याच जागेवरून, त्याच दिशेने काढा.

बाभळींसाठी एक सुंदर पद्धत आहे. पाणी ओसरल्यावर बुंध्यावर गाळाची करडी रेघ राहते. तिची जमिनीपासूनची उंची मोजा आणि त्या हंगामातल्या सर्वांत वरच्या पातळीतून वजा करा. पातळी १५२० फुटांपर्यंत चढली होती आणि रेघ तीन फुटांवर आहे, तर झाडाचे बूड १५१७ फुटांवर. मग रोजच्या आकड्यांवरून ते झाड किती दिवस पाण्यात उभे होते हे निघते, आणि वाळलेल्या व तगलेल्या बाभळींची तुलना खरी होते. वाऱ्याच्या अंगाला लाटांनी रेघ वर चढते, म्हणून आडोशाची बाजू मोजा.

पक्षी सकाळी लवकर, सूर्य पाठीशी ठेवून मोजा. ऊन चढल्यावर झळांमुळे दूरचे थवे थरथरताना दिसतात. भेगाळलेला गाळ वरून टणक वाटला तरी खाली लिबलिबीत असतो. काठीने चाचपल्याशिवाय मुलांना त्यावर पाऊल टाकू देऊ नका. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वन विभागाची परवानगी आधी घ्या.

प्रश्न : लातूरहून आमचे विद्यार्थी कोकणातल्या खाडीवर कांदळवन पाहायला जाणार आहेत. तिथल्या झाडांचा घेर आपल्याकडच्यासारखाच मोजायचा का?

उत्तर : तिवर आणि कांदळ ही कांदळवनातली दोन झाडे. तिवराचा हो, जमिनीपासून १.३७ मीटरवर, मात्र तो बुडातूनच फुटलेला असेल तर प्रत्येक खोड वेगळे मोजा. कांदळाचा तसा मोजलात तर टेप आधारमुळांतच अडकते. त्याच्या सर्वांत वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटीमीटर वर घेर घ्या. तिवराभोवती चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वासमुळे तुडवू नका. ती मोजायची तर एक मीटरची चौकट टाकून कडेनेच मोजा. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सहलीच्या तारखेचेच भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, आणि पाणी फिरताच मोजणी अर्धवट टाकून बाहेर या.