‘मोल्सवर्थ’ हे आडनाव इंग्लंडमध्ये इतकं दुर्मिळ का? ते उमरावांचं आडनाव आहे का?

तुमचा प्रश्न असा: ऑफिसच्या कॉलवर इंग्लंडमधले एक मोल्सवर्थ असतात. तुम्हाला नाव ऐकताच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आठवला. त्यांच्याच टीममधलं कुणी म्हणालं, की हे आडनाव क्वचितच ऐकू येतं, बड्या घराण्यातलं असणार. तर हे आडनाव आलं कुठून, इतकं विरळ का, आणि हे गृहस्थ कोशकारांच्या नात्यातले असतील का?

बड्या घराण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. आडनाव दुर्मिळ म्हणजे खानदानी, हा समज इंग्लंडमध्येही भरपूर आहे आणि तो बहुतेक वेळा खोटा असतो. दुर्मिळ आडनावं बहुतांशी लहानशा खेड्यांतून निघालेली असतात. मोल्सवर्थ त्यातलंच.

मोल्सवर्थ नावाचं गाव आजही आहे. जुन्या हंटिंग्डनशर परगण्यातलं, १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये गेलेलं. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे विल्यम राजाने इंग्लंड जिंकल्यावर करून घेतलेल्या जमिनीच्या मोजदादीत, ते सापडतं. नावातल्या ‘मोल’चा चिचुंदरीसारख्या त्या बिळं करणाऱ्या प्राण्याशी संबंध नाही, आणि ‘वर्थ’चा किंमत-लायकीशीही नाही. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी. ‘मूल’ हे माणसाचं नाव. मूळ अर्थ खेचर, त्यामुळे बहुधा आधी टोपणनाव म्हणून चिकटलेलं असावं. पण ते राजघराण्यातही चालायचं. सातव्या शतकात केंटच्या गादीवर मूल नावाचा राजा होता आणि ६८७ मध्ये लोकांनी त्याला जाळून मारलं. तो मूल आणि आपला मूल वेगळे. आपला मूल कुणी साधा जमीनवाला असेल, ज्याच्या वाडीभोवती पुढे गाव झालं. बटरवर्थ, डकवर्थ, एन्सवर्थ, व्हिटवर्थ ही सगळी याच ‘वर्थ’ची भावंडं.

आता गावाचं नाव माणसाला कसं लागलं, ते बघा. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. वाईत सगळेच वाईचे, तिथे कुणाला वाईकर म्हणून काय उपयोग? माणूस पुण्यात येऊन बिऱ्हाड करतो तेव्हा तो वाईकर होतो. इंग्लंडमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकात नेमकं हेच चाललं होतं. पाळण्यातली नावं मोजकीच: जॉन, विल्यम, रॉबर्ट, वॉल्टर. बाजारपेठेच्या गावात चार वॉल्टर असले की कारकून लिहिणार ‘वॉल्टर द मोल्सवर्थ’, म्हणजे मोल्सवर्थचा वॉल्टर. हा ‘द’ फ्रेंच-लॅटिन वळणाचा आहे, कारण नॉर्मन राज्यात दप्तराची भाषा एक तर फ्रेंच असायची किंवा लॅटिन. त्यात सरदारकीची काही खूण नाही, कुणब्यालाही तो लागायचा. पुढे ‘द’ गळून पडला आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज घरांत आडनाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं.

विरळपणाचं पहिलं कारण इथेच आहे. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी होते, म्हणून हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालं. ब्रिटनमध्ये आज पाच लाखांहून जास्त स्मिथ आहेत. मोल्सवर्थ मात्र एकाच खेड्यातून, तेही गाव सोडून गेलेल्या आणि ते नाव पुढच्या पिढीपर्यंत टिकवलेल्या मोजक्या माणसांपासून सुरू झालं. काही आडनावांच्या बाबतीत तर मूळ पुरुष जवळजवळ एकच निघतो. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी आडनावं आणि वाय गुणसूत्र यांचा मेळ तपासला, कारण दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात. ॲटनबरो हे नॉटिंगहॅमशरमधल्या ॲटनबरो गावावरून आलेलं आडनाव. तपासलेल्या ॲटनबरोंपैकी सुमारे ८७ टक्के पुरुषांत एकाच प्रकारचं गुणसूत्र सापडलं, आणि तो प्रकार एरवी इंग्लंडमध्ये फार विरळ आहे. स्मिथांमध्ये असं काहीच दिसत नाही. दोन स्मिथ एकमेकांचे तितकेच नातेवाईक, जितके रस्त्यावरचे कुठलेही दोन इंग्रज.

दुसरं कारण नशीब. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाला व्हिक्टोरियन काळात चिंता लागली होती, की थोरामोठ्यांची घराणी का बुडतात? १८७३ मध्ये त्याने हे गणित म्हणून जाहीरपणे मांडलं आणि हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञाने ते सोडवायला घेतलं. घराण्याचा थोरपणा, विलास, वंशाचा कमकुवतपणा यांतलं काहीच लागत नाही. नुसता योगायोग पुरतो. मनात असं धरा, की शंभर माणसं आहेत, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. प्रत्येकाला मुलगा न होण्याची शक्यता चारात एक, एक मुलगा होण्याची चारात दोन, दोन मुलगे होण्याची चारात एक. म्हणजे सरासरी एकाला एक, लोकसंख्या स्थिर. तरी पहिल्या पिढीत पंचवीस आडनावं जातात, दुसऱ्या पिढीपर्यंत एकोणचाळीस, तिसऱ्या पिढीपर्यंत अठ्ठेचाळीस. पणतवंडं यायच्या वेळेला जवळजवळ निम्मी आडनावं गेलेली. मुली भरपूर असल्या तरी त्यांच्याबरोबर नाव जात नाही. (वॉटसनने पुढे असा निष्कर्ष काढला, की सगळीच आडनावं कधी ना कधी बुडणार. ते चूक होतं. सरासरी एकाहून जास्त मुलगे असतील तर काही आडनावं तरतात. पाद्रीबुवांच्या हातून समीकरणाचं दुसरं उत्तर सुटलं.) आणि हे सगळं १३४८-४९ च्या काळ्या प्लेगनंतरच्या इंग्लंडमध्ये घडत होतं, जिथे गावंच्या गावं ओस पडली होती. लाखोंच्या स्मिथांना अशा गळतीने फरक पडत नाही. सात-आठ घरांच्या आडनावाला पडतो.

मग मोल्सवर्थ टिकले कसे? दोन शाखांना चांगले दिवस आले आणि त्यांची कागदपत्रं राहिली. ‘बडं घराणं’ हा समजही तिथूनच आला असणार. गावातल्या गरीब मोल्सवर्थांबद्दल कुणी ग्रंथ लिहिले नाहीत.

एक शाखा कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे. तिथला हेंडर मोल्सवर्थ १६८० च्या दशकात जमेकाचा गव्हर्नर होता, आणि त्या काळी जमेकात हात ओले होत ते ऊस आणि गुलामांच्या व्यापारात, हे वेगळं सांगायला नको. १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून पदवी भावाकडे गेली. गाल्टनचं गणित असं घरातच दिसतं. पुढे याच घराण्यात सर विल्यम मोल्सवर्थ झाले (१८१० ते १८५५). जहाल मतांचे खासदार, शेवटी वसाहतमंत्री. तत्त्वज्ञ हॉब्सचं समग्र लेखन त्यांनी १८३९ पासून संपादित करून काढलं. न्यूझीलंडची संसद ज्या परिसरात आहे, तिथल्या वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटला त्यांचंच नाव आहे. पेनकॅरोच्या बागेची एक गोष्ट सांगतात: चिलीहून आणलेलं एक काटेरी झाड तिथे होतं, ते पाहून एक पाहुणा म्हणाला, यावर चढायचं म्हणजे माकडालाही कोडं पडेल. त्या झाडाला इंग्रजीत आजही ‘मंकी पझल’ म्हणतात. याच घराण्याने पुढे आजोळची इस्टेट आली तेव्हा आडनावाला सेंट ऑबिन जोडलं. इस्टेटीपायी नाव बदलणं किंवा लांबवणं इंग्लंडमध्ये सर्रास चालायचं, आणि आडनावं गळण्याचं हेही एक कारण.

दुसरी शाखा आयर्लंडमध्ये. रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कच्या दरबारात इंग्लंडचा वकील होता. १७१६ मध्ये तो आयर्लंडचा व्हायकाउंट (उमरावांमधला एक दर्जा) झाला. डब्लिनमधली मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याची. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ मध्ये रामिल्यीच्या लढाईत इंग्रज सेनापती मार्लबरोच्या दिमतीला असलेला अधिकारी (एडीसी) होता. धुमश्चक्रीत मार्लबरो घोड्यावरून खाली पडला, फ्रेंच स्वार अंगावर येत होते. रिचर्डने स्वतःचा घोडा त्याला दिला आणि आपण पायउतार होऊन मागे राहिला. तोही वाचला, आणि पुढे फील्डमार्शलच्या हुद्द्यापर्यंत गेला.

या दोन शाखांपैकी कुठलीही घेतली, तरी वंशावळीच्या पुस्तकांत सुरुवात एडवर्ड राजपुत्राबरोबर धर्मयुद्धाला गेलेल्या एका सर वॉल्टर द मोल्सवर्थपासून होते. अशा सुरुवातींवर मी फार भरवसा ठेवत नाही. उमराव घराण्यांच्या वंशावळी व्हिक्टोरियन काळात ज्या हौसेने छापल्या गेल्या, त्यात धर्मयुद्धाला गेलेला पूर्वज जवळजवळ सक्तीचा होता.

आता आपले मोल्सवर्थ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातले अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि मराठी शास्त्री मंडळी यांच्या मदतीने त्यांनी केलेला कोश १८३१ मध्ये निघाला. आज आपण वापरतो ती १८५७ ची वाढवलेली दुसरी आवृत्ती. मुखपृष्ठावर नाव नुसतं ‘जे. टी. मोल्सवर्थ’. ना कुठली पदवी, ना घराण्याचा उल्लेख. मी भाषांतराची कामं करतो. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश शोधण्याची सोय झाल्यापासून तो दिवसभर उघडाच असतो, आणि एकेका शब्दाखाली त्यांनी दिलेल्या म्हणी, शिव्या, शेतीची अवजारं पाहिली की या माणसाने किती लोकांना किती प्रश्न विचारले असतील, याची कल्पना येते.

गंमत अशी, की तुम्ही त्या गृहस्थांना ‘आमच्याकडे मोल्सवर्थ म्हणजे शब्दकोश’ असं सांगितलंत, तर ते हसतील. इंग्लंडमध्ये मध्यमवयीन माणसाला मोल्सवर्थ म्हटल्यावर आठवतो तो १९५० च्या दशकातल्या विनोदी पुस्तकांतला नायजेल मोल्सवर्थ हा शाळकरी पोरगा. त्याची ख्याती एकच: त्याला एकही स्पेलिंग धड येत नाही. शाळेत यावरून त्यांना चिडवलं असण्याची शक्यता दांडगी. ज्यांना पुस्तकं माहीत नाहीत, त्यांना मोल्सवर्थचा विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकन बॉम्बर उडायचे, आणि १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं आणण्याविरुद्ध मोठी निदर्शनं झाली.

नात्याचं काय? खरंच शोधायचं असेल तर आडनावाच्या अर्थापासून नव्हे, त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून मागे जायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून आहे. त्या नोंदींची सूची ‘फ्रीबीएमडी’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येते, आणि आडनाव विरळ असण्याचा फायदा इथे होतो. जॉन स्मिथ शोधणाऱ्याच्या समोर एका तिमाहीतच ढिगाने नावं येतात. मोल्सवर्थ शोधणाऱ्याला यादी चटकन नजरेखालून घालता येते. त्याच्या मागे चर्चच्या नोंदवह्या आहेत, त्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम झाला होता. पण तिथे पाद्री कानावर येईल तसं लिहायचा, म्हणून मूल्सवर्थ, मोलेसवर्थ असे सगळे पर्याय बघावे लागतात. शिवाय चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरंच गाव आहे, त्याचा आपल्या मूलशी काही संबंध नाही. वायव्य इंग्लंडमधल्या एखाद्या मोल्सवर्थाचं मूळ तिकडचंही असू शकतं. मधला एक ‘ड’ लिहिणाऱ्याच्या हातून सहज गळतो.

तेव्हा पुढच्या कॉलला ‘तुम्ही उमराव का?’ असं न विचारता ‘तुमचे आजोबा कुठल्या काउंटीतले?’ एवढंच विचारा. कॉर्नवॉल म्हणाले तर पेनकॅरोचं नाव काढून बघा. चेशर किंवा लँकेशर म्हणाले तर मोल्ड्सवर्थची शक्यता आहे. हंटिंग्डनच्या आसपासचं कुठलं गाव सांगितलं तर सातशे वर्षांत ते लोक फार लांब गेलेले नाहीत. आणि आयर्लंड म्हणाले तर रामिल्यीच्या घोड्याची गोष्ट तुम्हाला सांगायची गरज पडणार नाही. ते स्वतःच सांगतील.