वाचकांचे प्रश्न : हिलरी स्वँक आणि चमत्कारांची तपासणी

प्रश्न : ‘मिलियन डॉलर बेबी’ पाहिल्यापासून मी हिलरी स्वँकची चाहती आहे. तिचा ‘द रीपिंग’ मात्र आमच्या घरात कुणालाच आवडला नाही. यजमान म्हणतात, दोन ऑस्कर मिळाल्यावर असला भयपट करायलाच नको होता. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तिने तो केला याचा मला आनंदच आहे. माझा राग आहे पटकथेवर.

ट्रेलर पार्कमध्ये (चाकांवरच्या स्वस्त घरांच्या वस्तीत) वाढलेली ही मुलगी आईबरोबर लॉस एंजेलिसला आली, तेव्हा सुरुवातीला दोघी गाडीतच झोपत. ‘बॉइज डोन्ट क्राय’ (१९९९) साठी तिला मिळाले जेमतेम ३,००० डॉलर. ऑस्कर मिळालं ते त्याच भूमिकेला. ‘मिलियन डॉलर बेबी’ने (२००४) दुसरं दिलं. दोन्हीकडे तिने देहबोलीने भूमिकेचं सोनं केलं होतं. ‘द रीपिंग’मध्ये (२००७) ती सोय नाही, तिथे तिला विचार करणारी बाई दाखवायची आहे.

तिची कॅथरीन एकेकाळची मिशनरी. सुदानमध्ये नवरा आणि मुलगी मारली गेल्यावर तिने देव सोडला. आता ती लुइझियानात प्राध्यापक आहे आणि चमत्कारांमागची कारणं शोधते. हेवन गावची नदी लाल झाली म्हणून तिला बोलावतात. बायबलमध्ये देवाने इजिप्तवर जी दहा संकटं धाडली, त्यांतलं पहिलं हेच, नदीचं रक्त होणं. त्या संकटांचा ती जो उलगडा करते तो प्रसंग पुन्हा पाहा : लाल शेवाळ, त्याने मेलेले मासे, म्हणून वाढलेले बेडूक, ते मेल्यावर आलेल्या माश्या, मग गुरांचे रोग. भराभरा, एकातून एक. इतकं स्वच्छ बोलणारी नास्तिक बाई थरारपटात फार क्वचित भेटते.

आणि पटकथा तिच्या अविश्वासाला कारण देते ते फक्त दुःखाचं! म्हणजे जखम भरली की प्रश्न मिटला. पुण्यात राहणाऱ्या मला हे पटत नाही. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा विठ्ठल रामजी शिंदे पुलावर खून झाला. त्यांचं भांडण देवाशी नव्हतं, देवाच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीशी होतं. पुरावा मागणं ही विचाराने लावून घेतलेली शिस्त असते. त्यासाठी घरातलं कुणी जावं लागत नाही. स्वँकच्या चेहऱ्यावर ती शिस्त दिसते, कथेला मात्र ती दिसत नाही. शेवट सांगत नाही, पण माझी तक्रार तिथेच सर्वांत मोठी आहे.

प्रश्न : नववीतल्या मुलीला हा सिनेमा दाखवू का?
– एक पालक, सदाशिव पेठ

उत्तर : नको. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाबरोबरच प्रवेश) आणि त्यातली हिंसा लहान मुलीभोवती फिरते. त्याऐवजी स्वँकचाच ‘फ्रीडम रायटर्स’ दाखवा. तोही २००७चाच. लाँग बीचमधली शिक्षिका वर्गातल्या मुलांना रोजनिशी लिहायला लावते, अशी ती खरी गोष्ट आहे. शिव्या आणि मारामाऱ्या त्यातही आहेत, म्हणून मुलीबरोबर बसूनच पाहा.