खांद्याचे अस्थिबंध: सुरुवात कोरॅकॉइडपासून कर

नावं घोकत बसू नकोस, आधी कोरॅकॉइड शोध, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाचा (फऱ्याचा) पुढे आलेला आकडा. कॉलरबोनच्या बाहेरच्या भागाखाली बोट दाबलंस की टणक लागतं, तेच. तिथून वर कॉलरबोनला दोन अस्थिबंध (लिगामेंट) जातात: आतल्या बाजूला कोनॉइड, बाहेरच्या बाजूला ट्रॅपेझॉइड. तिसरा ॲक्रोमिअनला, म्हणजे त्याच फऱ्याच्या खांद्यावरच्या टोकाला जातो; एकाच हाडाचे दोन भाग जोडतो (हे पटायला मला वेळ लागला होता). चौथा दंडाच्या हाडाकडे.

ग्लेनोह्युमरल, म्हणजे फरा आणि दंडाचं हाड यांच्या सांध्याचे अस्थिबंध, मात्र सुटे दोर समजू नकोस. सांध्याच्या आवरणाचेच ते 3 जाड पट्टे. खालचा नीट समजून घे. चेंडू फेकायला हात वर नेऊन बाहेर वळवलास की तोच ताणतो आणि दंडाच्या हाडाचा गोळा पुढे निसटू देत नाही. स्वतःचा हात तसा धरून बघ, मग चित्र काढ.