पगारही स्टोरेजचा आणि बचतही स्टोरेजचीच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डेटा सेंटरमध्ये स्टोरेज सांभाळता, जुन्या हायब्रिड यंत्रणा (हार्ड डिस्क आणि फ्लॅश चिप दोन्ही असलेल्या) जाऊन त्यांच्या जागी ऑल-फ्लॅश (फक्त फ्लॅश चिपवर डेटा साठवणाऱ्या) येताना रोज बघता, आणि म्हणून मुदत ठेवींतली निम्मी रक्कम मोडून ऑल-फ्लॅशवाल्या एकाच कंपनीचे शेअर घ्यायचे आहेत. घ्यावेत का?

एवढे मुळीच नकोत.

फ्लॅशबद्दल तुमच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही, ते तुम्हाला जास्त कळतं. पण तंत्रज्ञान चाललं म्हणजे त्यातला शेअर चालतोच असं नाही, आणि त्याचे दाखले याच बाजारात आहेत. व्हायोलिन मेमरी ऑल-फ्लॅशमधल्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी. सप्टेंबर २०१३ मध्ये ९ डॉलरने शेअर विकून बाजारात उतरली, पहिल्याच दिवशी भाव पाचव्या हिश्शाहून जास्त पडला आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. फ्लॅशची मागणी तर त्या काळात वाढतच होती! निंबल स्टोरेज हायब्रिडवाली. डिसेंबर २०१३ मध्ये २१ डॉलरने आली, २०१६ मध्ये तिनेही ऑल-फ्लॅश आणलं, आणि २०१७ मध्ये एचपीईने (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइजने) ती शेअरमागे साडेबारा डॉलर मोजून विकत घेतली. माल चांगला होता म्हणूनच गिऱ्हाईक मिळालं, पण सुरुवातीपासून शेअर धरून बसलेल्याचे शंभरातले चाळीस गेले. प्युअर स्टोरेज २०१५ मध्ये १७ डॉलरने आली, टिकली आणि वाढली. आज मागे वळून बघताना तीच निवडावी हे सोपं वाटतं. तेव्हा तसं नव्हतं.

मोठ्या कंपन्या गप्प बसत नाहीत, हे एक कारण. ईएमसीने २०१२ मध्येच एक्सट्रीमआयओ ही फ्लॅशवाली कंपनी घेतली, नेटअ‍ॅपने पुढे तशीच सॉलिडफायर घेतली. गिऱ्हाइकं आणि सपोर्टचे करार त्यांच्याकडे आधीपासूनच होते. दुसरं कारण चिपचं. नँड फ्लॅश, म्हणजे या यंत्रणांतली चिप, बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि भाव भयंकर वरखाली होतात. २०२२-२३ मध्ये माल तुंबला, भाव कोसळले, उत्पादकांनी तोटा सोसून उत्पादन कमी केलं, मग भाव पुन्हा चढले. स्टोरेजची पेटी बनवणाऱ्याला चिप हा कच्चा माल. तो महागला की एकतर नफा आटतो, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, बॅकअपला हार्ड डिस्कच बरी.

एक गोष्ट तुमच्याच टेबलावरची. शेवटचं कोटेशन काढून बघा. मोठ्या अक्षरांत लिहिलेली क्षमता डीडुप (सारखा डेटा एकदाच साठवणं) आणि कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करणं) धरून असते. डेटा एन्क्रिप्टेड असेल किंवा व्हिडिओ असेल, तर तेवढी जागा मिळत नाही हे तुम्ही एका नजरेत ओळखता. कंपनीचे निकालही त्याच नजरेने वाचा. ‘समायोजित नफा’ छान दिसतो, पण कर्मचाऱ्यांना वाटलेल्या शेअरांचा खर्च त्यातून बहुधा वगळलेला असतो. तो धरला की आकडा बराच खाली येतो.

मला खरी काळजी मात्र वेगळीच आहे. तुमचा पगार याच धंद्यातून येतो. कंपन्यांनी आयटीवरचा खर्च आखडला की बढती रखडणार, कदाचित नोकरीवर गदा येणार, आणि नेमका तेव्हाच हा शेअरही पडलेला असणार. घराचा हप्ता भरायला तोच विकावा लागला तर?

तेव्हा असं करा. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी ठेव अजिबात हलवू नका. हौस म्हणून एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपर्यंत हा शेअर घ्या, तोही तीन-चार टप्प्यांत. शेअर परदेशी चलनातला असेल तर विनिमय दराची जोखीम आणि तिथला कर हिशेबात धरा. वाढीसाठी आणखी काही रक्कम बाजारात घालायचीच असेल, तर मोठ्या निर्देशांकाचा फंड घ्या, स्टोरेजवाल्या काही कंपन्या त्यातही असू शकतात. आणि ठेव मोडायचीच असेल, तर मुदतीआधी मोडल्यावर व्याज किती कापलं जातं ते आधी बँकेत विचारून घ्या. पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले असतील, तर थांबलेलं बरं.